कुत्र्याचे कागद

जर्मनीतल्या दवाखान्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ड्यूटीवरून घरी येऊन मायला ते वाचून दाखवलं. ती सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या कुंपणातल्या मोकळ्या जागेत, पाटावर बसून मरळ साफ करत होती. पगार, राहायची सोय, जूनमध्ये रुजू व्हायचं, सगळं तिने ऐकून घेतलं. मग राख लावलेला मासा बाजूला ठेवून विचारलं, "मंग कुत्र्याचं का करतं?"

मला वाटलं होतं, ती स्वतःचं विचारेल. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. कुत्र्याचं नव्हतं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला टेकलेलं. गावाच्या एका अंगाला तलाव, आणि तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, आमचं घर दुसरं. बाप त्या तलावात जाळं टाकायचा, माय शिंगाडे काढायची आणि दोन्ही बाजारात नेऊन विकायची. बाप गेल्यावर तिने जाळंही हाती घेतलं. मी नर्सिंग करून तालुक्याच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स झाले. दर अकरा महिन्यांनी ऑर्डर संपायची आणि नवी येईपर्यंत आम्ही सगळ्या जणी साहेबांच्या दारात उभ्या राहायचो. सहा वर्षं अशी काढल्यावर मी जर्मन भाषेचा क्लास लावला. सुट्टीच्या दिवशी नागपूरला जाऊन, उरलेला मोबाईलवर. गावातले लोक हसले. मी पास झाले तेव्हा हसायचे थांबले.

भाऊ नागभीडला असतो. मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान, स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्या, बायको आणि एक मुलगी. मी गेल्यावर मायने त्याच्याकडे राहायचं, हे आमचं आधीच ठरलं होतं. पण त्याच्या मुलीला दमा. घरात केसाळ जनावर नको, असं तिच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. वहिनीला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"इथीच राहू दे त्याले," मी मायला म्हटलं. "शेजारचे टाकतीन दोन घास भात."

"घर बंद झालं तं तो दारातच बसून राहीन," ती म्हणाली. "अन् बंद घराच्या दारातला कुत्रा बिबट किती दिवस ठेवते?"

हे खोटं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातले तीन कुत्रे गेले होते. एक तर भर दुपारी, हातपंपाजवळून.

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. चार वर्षांपूर्वी माय तलावावरून परत येत असताना तो पिल्लू होता आणि तिच्या टोपलीच्या वासाने मागे मागे आला. तिने त्याला हाकललं, तो बसला. ती चालली, तो चालला. घरी आल्यावर तिने मासोळीची डोकी टाकली आणि तिथेच विषय संपला. रंग मातकट, एक कान अर्धा फाटलेला, अंगाने बारीक. माय शिंगाडे काढायला गळ्याइतक्या पाण्यात उतरली की तो पाळीवरून तिच्या बरोबरीने चालायचा. ती इकडे सरकली की इकडे, तिकडे सरकली की तिकडे. जंगलाच्या बाजूने काही आलं तर तो वेगळ्याच आवाजात भुंकायचा, आणि माय पाण्यातून बाहेर यायची. दोनदा तरी त्याने तिला असं बाहेर काढलेलं मला माहीत आहे. एकदा वाघ होता. पाळीच्या ओल्या मातीत त्याची पावलं दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाने पाहिली.

"मी घेऊन जाते त्याले संगं," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर हे मी मायला बरं वाटावं म्हणून बोलले. जर्मनीला कुत्रा नेता येतो की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण मायने ते खरंच धरलं. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने चार बायांना सांगून टाकलं की माझी पोरगी कुत्र्याले विमानात नेणार हाये.

मग मला नेणं भागच पडलं.

तालुक्याला ढोरांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर मला ओळखायचे, कारण त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात मी ड्यूटीवर होते. ते मला सिस्टर म्हणायचे. मी त्यांना मोबाईलवर नियम दाखवले. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा घालून दोनदा वाचले.

"सिस्टर, याला रेबीजची लस दिलेली आहे, मीच दिली शिबिरात," ते म्हणाले. "पण ती धरणार नाहीत. आधी अंगात चिप बसवायची, तिच्यावरचा नंबर कागदावर चढवायचा, आणि त्यानंतर दिलेली लसच खरी. लशीनंतर महिनाभर थांबायचं. मग रक्त काढून परदेशातल्या ठरलेल्या लॅबला पाठवायचं. त्यात लशीचा असर पुरेसा दिसला, तर रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. तेव्हा कुठे तो जाऊ शकतो."

मी बोटांवर महिने मोजले. फेब्रुवारी चालू होता. घाई केली तर जूनच्या शेवटी जमण्यासारखं होतं.

"चिप कुठी बसवतात?"

"इथं नाही. चंद्रपुरातही कोणाकडे असेल असं वाटत नाही. नागपूरला जा."

कुत्र्याला नागपूरला न्यायचं म्हणजे एसटी नाही, काळीपिवळीवाला घेईना. शेवटी आमच्याकडून मासे नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पिकअपमध्ये, बर्फाच्या पेट्यांच्या मधे जागा करून आम्ही तिघं निघालो. माय येणारच म्हणाली. कुत्रा तिच्याशिवाय गाडीत चढलाच नसता. रस्ताभर त्याने पेट्यांचं पाणी चाटलं आणि माय त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. ती नागपूरला आयुष्यात दुसऱ्यांदा चालली होती.

तिथला प्राण्यांचा दवाखाना आमच्या माणसांच्या दवाखान्यापेक्षा चांगला होता. थंडगार हॉल, खुर्च्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर पांढरी, झुपकेदार कुत्री. आमच्या अंगाला माशांचा वास येत होता आणि ते सगळ्यांना कळत होतं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "ब्रीड कोणती?"

"तलावावरचा हाये," माय म्हणाली.

मुलीने काहीतरी लिहिलं. मग नाव विचारलं. मायने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत आम्ही त्याला 'ए', 'चाल' आणि 'हट' याशिवाय काही म्हटलं नव्हतं. मी पटकन सुचलं ते एक नाव सांगून टाकलं. काय ते इथे लिहीत नाही, आजही मला त्याची लाज वाटते. टीव्हीवरचं नाव होतं. माय पिकअपमध्ये बसेपर्यंत हसत होती.

डॉक्टरने चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी. कुत्रा फक्त एकदा कुईं करून गप्प झाला. मायने विचारलं, "माणसाले लावतेत काय असं?" डॉक्टर नाही म्हणाला. "हरवलेलं माणूस मंग कसं सापडते?" तिने विचारलं. तोवर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

निघताना त्याने एक गोष्ट बजावून सांगितली. आता याला मोकाट सोडू नका. दुसऱ्या कुत्र्याने चावलं, जखम झाली, कुठे पळून गेला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी तिथूनच गळ्यातला पट्टा आणि चांगली जाड साखळी घेतली.

घरी आल्यावर मी दारापुढच्या छपरीच्या खांबाला ती साखळी अडकवली. माय बघत राहिली.

"बांधलेला कुत्रा का कामाचा?" ती म्हणाली. "त्याले पाळीवर तं येऊ दे."

"तुझ्या हातात साखळी धरून ने. बाकी वक्ती बांधूनच ठेव. चार महिन्याचा तं प्रश्न हाये, माय."

मी नर्स होते. एखादी सूचना दिली की ती पाळली जाते की नाही, हे पाहायची मला सवय होती. मी रोज पाहायची. त्याने पहिले आठ दिवस ओढाओढ करून मान सोलून घेतली, मग तो खांबाजवळ पडून राहायला लागला. माय तलावावर जाताना त्याला सोबत घेई, पण एका हातात साखळी धरून शिंगाडे काढता येत नाहीत. मग ती त्याला पाळीवरच्या अर्जुनाच्या झाडाला बांधून पाण्यात उतरायची. तो जागचा उठून उभा राहायचा आणि तिच्याकडे तोंड करून उभाच असायचा.

मार्चच्या शेवटी रक्त काढलं. ते बाटलीत, बर्फात, पाकिटात घालून कुरिअरने गेलं. एप्रिलमध्ये आमच्याकडे काय ऊन असतं ते सांगायला नको. वाटेत कुठेतरी बर्फ वितळला असावा. वीस दिवसांनी उत्तर आलं की नमुना खराब झाला, तपासणी करता येत नाही, पुन्हा पाठवा.

मी ढोरांच्या डॉक्टरांसमोर तो कागद ठेवला आणि रडले. ते म्हणाले, "सिस्टर, दुसऱ्यांदा काढू. या वेळी मी स्वतः नागपूरपर्यंत पोहोचवतो." त्यांनी तसं केलं. मे महिन्यात, आपल्या मोटरसायकलवर, डबा पुढे बांधून. या सगळ्या कहाणीत ज्याच्यावर रागावता येईल असा एकही माणूस मला सापडत नाही, आणि हे मला कधी कधी फार जड जातं.

आता तीन महिने म्हणजे ऑगस्ट. माझं जूनचं तिकीट बदलत नव्हतं. आधी मी जायचं आणि नंतर येऊन त्याला न्यायचं, एवढाच मार्ग उरला. मालकाला स्वतः सोबत यावं लागतं, असा नियमच होता. भाऊ म्हणाला, मायला आता नागभीडला घेऊन जातो, कुत्र्याला तेवढे दिवस कोणाकडे तरी ठेवू. मायने ऐकलं नाही.

"त्याचे कागद पुरे होईपर्यंत मी इथीच राहाते," ती म्हणाली. "तू घ्यायले ये. तू त्याले घेऊन गेली का मंग मी नागभीडले जाईन."

मी निघाले त्या सकाळी ती गाडीपर्यंत आली नाही. दारात उभी राहिली, कुत्र्याची साखळी हातात धरून. म्हणाली, हा मागं पळीन.

जर्मनीत मला एका मोठ्या दवाखान्याच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात ठेवलं. दुपारी एकला जेवणाची सुट्टी, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजलेले असायचे. मी जिन्यात उभी राहून मायला फोन लावायची. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे फक्त आवाज. बोलणं सगळं कुत्र्याचं. जेवला काय, मान बरी झाली काय, पट्टा घट्ट होत नाही ना. माझं इथे कसं चाललंय, हे ती विचारत नसे आणि मी सांगत नसे. पहिल्या महिन्यात मला कोणाचंही बोलणं धड कळत नव्हतं, म्हातारे माझ्यावर ओरडायचे, मी संडासात जाऊन तोंड धुवायची. हे तिला कसं सांगायचं? तिला पाठदुखी होती, पावसात छपरी गळत होती, हे मला भावाकडून कळायचं. कुत्र्याबद्दल बोलणं आम्हा दोघींना सोयीचं होतं.

जुलैत रक्ताचा रिपोर्ट आला. असर पुरेसा. मी जिन्यातच ओरडून मायला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली. "त्याले सांगते."

पण ऑगस्ट आला तरी मला निघता येईना. सहा महिने भरल्याशिवाय मोठी रजा नव्हती, आणि आम्हाला राहायला दिलेल्या वसतिगृहात कुत्रा चालत नव्हता. मी खोली शोधायला लागले. दर वेळी दोन प्रश्न. कुठल्या देशाच्या, आणि कुत्रा किती मोठा? पंधरा-सोळा ठिकाणी नाही ऐकलं. सप्टेंबरात मायची उत्तरं लहान झाली. "हाये." "जेवला." "तलावावर गेला असंन." एकदा मी म्हटलं, "त्याले फोनजवळ आण, मले त्याचा आवाज ऐकू दे." ती म्हणाली, "झोपून हाये. उठवू काय उगाच?" मला वाटलं, ती थकली असेल.

नोव्हेंबरात एका विधवा बाईने तळमजल्यावरची खोली द्यायचं कबूल केलं. तिचा स्वतःचा कुत्रा आदल्या वर्षी मेला होता. तिने मला मागचं अंगण दाखवलं, कुंपण नीट आहे का ते स्वतः हलवून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे होणार आहे. मी डिसेंबरची तिकिटं काढली, विमान कंपनीकडे कुत्र्याची जागा मागून घेतली, प्रवासाचा पिंजरा मागवून तो नागभीडला भावाच्या पत्त्यावर पाठवला. ढोरांच्या डॉक्टरांना फोन केला की निघायच्या आधी तुमचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागेल.

त्यांनी मला यायची तारीख दोनदा विचारली. मग म्हणाले, "तुम्ही या आधी, सिस्टर. आल्यावर बघू."

मला काहीच खटकलं नाही. आपल्याकडे सगळेच 'या, बघू' म्हणतात.

नागपूरला भाऊ घ्यायला आला. दोन अडीच तास आम्ही गाडीत होतो आणि तो रस्त्याबद्दल बोलत होता. कुठे रुंदीकरण झालं, कुठे पूल नवा बांधून राह्यले. नागभीडला त्याच्या घरी पिंजरा तसाच खोक्यात होता, खोक्यावरची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. मी म्हटलं, "उघडून तरी पाहायचं." तो म्हणाला, "माय सांगीन तुले." वहिनी आत गेली.

तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलं असेलही. पण गावापर्यंत मी मनाशी कागदांचीच यादी म्हणत राहिले.

माय अंगणात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. पाच-सहा महिन्यांत तिची मान आणखी बारीक झाली होती. छपरीत कोणी नव्हतं. तिने वर पाहिलं आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तलावावर गेला असंन."

तीन महिने तेच बोलल्यामुळे ते तिच्या तोंडून आपसूक निघालं असावं. बोलून झाल्यावर तिने हातातला शिंगाडा खाली ठेवला.

मी तिच्यासमोर बसले. "कधी?"

"पोळा झाल्यावर. गणपती बसले होते. सारे आरतीले गेले होते, मी घरीच होती. दिवस बुडून राह्यला होता. मी चुलीजवळ होती. तो एकदाच भुंकला." तिने बोटं पदराला पुसली. "मी भाताचा गंज वाजवला, बोंबलली. लोक आले. पण नेला होता."

"बिबट?"

"बिबट. सकाळी पोरं नाल्यापर्यंत जाऊन आले. पट्टा सापडला."

"मले सांगतलं काऊन नाई, माय? तीन महिने?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शिंगाड्याची सालं एका बाजूला गोळा करत म्हणाली, "सांगतलं असतं तं तू आली असती काय?"

मला लगेच हो म्हणता यायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल, तर पहिल्या वर्षाची रजा, तिकिटं, भाषेची पुढची परीक्षा. कुत्रा गेलेला कळला असता तर मी फोनवर रडले असते, आणि मायला नागभीडला पोहोचवायला भावाला सांगितलं असतं. मी दोन वर्षांनी आले असते. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. तिने सालं उचलून उकिरड्यावर नेऊन टाकली.

भावाला तिने शपथ घातली होती. ढोरांच्या डॉक्टरांच्या पाया पडायला गेली होती, असं नंतर कळलं. आणि तीन महिने ती त्या घरात, जंगलाच्या तोंडाशी, एकटी राहिली. कारण नागभीडला गेली असती तर मी विचारलं असतं, कुत्रा कुठे आहे?

दोन दिवसांनी मी तालुक्याला डॉक्टरांना भेटायला गेले. निदान त्यांचे आभार मानायचे होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "वाईट झालं सिस्टर. मोकळा असता तर छपरावर चढला असता, घरात घुसला असता. गावठी कुत्रा हुशार असतो, बिबट्याला सहजासहजी सापडत नाही. पण साखळीला बांधलेला म्हणजे वाढून ठेवलेलं ताट." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "तुम्हाला आईने सांगितलं नाही?"

नाही, आईने सांगितलं नव्हतं. तिने मला भुंकणं सांगितलं, गंज वाजवणं सांगितलं, पट्टा सांगितला. साखळी सांगितली नाही.

घरी परत आल्यावर मी छपरीतला खांब पाहिला. जमिनीपासून हातभर उंचीवर लाकडाला खाच पडलेली होती, साखळीच्या घासण्याने, आणि त्याच्यावर नवे, खोल ओरखडे होते. मायने त्यावर शेणामातीचा हात फिरवला होता. वाळून तो निघून आला होता. तिने माझ्यासाठी मरळ रांधली होती. आम्ही जेवलो. तिने विचारलं, मीठ बरोबर हाये काय. मी हो म्हटलं.

माझी बारा दिवसांची रजा होती. त्यातले पाच दिवस मी तिला नागभीडला चल म्हणण्यात घालवले. ती नाही म्हणत नव्हती, हो पण म्हणत नव्हती. मी एका एजंटला फोन करून विचारलं की आईला माझ्याकडे आणता येईल का. तो म्हणाला, पाहुणी म्हणून तीन महिने, तेही पुरेसा पगार आणि विमा दाखवला तर, कायमची नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी फोन स्पीकरवर ठेवून मी तिच्यासमोर विचारलं, का ते मला सांगता येत नाही. बहुतेक मी विचारलं होतं, हे तिला दिसावं म्हणून. त्या माणसाचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे. तिथी मी का करू?" आणि उठून जाळं गुंडाळायला लागली.

मग तिनेच ठरवलं. जाळं तिने शेजारणीला देऊन टाकलं. शिंगाड्याचा तिचा हिस्सा दिराच्या सुनेच्या नावावर केला. गंज, टोपल्या, पाट, सगळं ज्याला हवं त्याने नेलं. घराला कुलूप लावताना कडी बसेना, लाकूड फुगलं होतं, भावाने खांदा लावून दार ओढलं. गाडीत ती माझ्या बाजूला बसली, तलाव दिसेपर्यंत बाहेर पाहात होती, नंतर पदर डोक्यावरून ओढून डोळे मिटले. नागभीडला पोहोचल्यावर नात धावत आली आणि तिच्या मांडीवर बसली. तेवढं एक चांगलं झालं.

पिंजरा भावाने परत पाठवायचा प्रयत्न केला. कंपनीने घेतला नाही. तो दुकानाच्या मागे आहे. त्यात जुन्या मोबाईलचे डबे ठेवतात.

मी परत गेले तेव्हा घरमालकीण दारातच उभी होती, माझ्या मागे कोण आहे ते वाकून पाहात. मला त्या भाषेत मरणाचे सगळे शब्द येतात, माझं कामच ते आहे. तरी मी एवढंच म्हटलं की तो येणार नाही. तिने पुढे विचारलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तिने एक जुनी सतरंजी घालून ठेवली होती. ती संध्याकाळी तिने स्वतःच उचलून आत नेली.

आता मी रोज दुपारी एकला नाही, आठवड्यातून दोनदा फोन लावते. विचारायला फार काही नसतं. जेवली काय, नात शाळेत गेली काय, थंडी हाये काय. ती "हाये" म्हणते, किंवा "नाई" म्हणते. तू कधी येतं, असं ती एकदाही विचारत नाही. पूर्वीही विचारत नव्हती, पण पूर्वी ते बोलण्यात कुठेतरी असायचं.

मागच्या वेळी फोन वहिनीने उचलला. "त्या झोपल्या आहेत," ती म्हणाली. "हल्ली जेवून झोपतात, ते दिवे लागल्यावरच उठतात. उठवू काय?"

पाठ मोडेपर्यंत पाण्यात उभी राहिली तरी दिवसा कधी आडवी न झालेली माझी माय. मी म्हटलं, नको, झोपू दे. आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत जिन्यातच उभी राहिले.